नेटवर्कची रोजकीर्द : अभ्यासिकेच्या सर्व्हरवर देखरेखीची व्यवस्था



स्मरणिकेसाठी लेख द्यावा असा कार्यकारिणीचा निरोप आला, तेव्हा प्रथम संकोच वाटला. प्रस्तुत लेखक कला शाखेचा पदवीधर, पोटापाण्यासाठी बँकेत कारकून. संगणकाचे रीतसर शिक्षण नाही. तरीही हा विषय घेतला, कारण तो आपल्या शिरवण्याच्या अभ्यासिकेत घडलेल्या एका प्रसंगातून पुढे आला आहे. त्या प्रसंगाची जबाबदारी काही अंशी माझ्यावरही येते.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातील गोष्ट. एका स्पर्धा परीक्षेचा अर्ज भरण्याची शेवटची रात्र होती. आपली एक विद्यार्थिनी सायंकाळी साडेसातला अभ्यासिकेत आली. आठच्या सुमारास एकही संकेतस्थळ उघडेना. राउटरवरचे सर्व दिवे हिरवे. इंटरनेट पुरवणाऱ्याला फोन केला, तर उत्तर मिळाले, "आमच्याकडून लाईन चालू दिसते, थोडे थांबा." आम्ही थांबलो. राउटर बंद केला, चालू केला, पुन्हा थांबलो. यात दोन-अडीच तास गेले. शेवटी तिने मोबाईलवरून प्रयत्न केला, पण तोवर अकरा वाजून गेले होते. शेवटच्या तासाची रेटारेटी होऊन शुल्क भरण्याचे पान अडकले ते अडकलेच. बारा वाजले. त्या वर्षीची तिची संधी गेली.

दुसऱ्या दिवशी पुरवठादाराच्या कार्यालयात गेलो. समोरच्या माणसाने तीनच प्रश्न विचारले. किती वाजता बंद पडले? किती वेळ बंद होते? आधी असे कधी झाले होते काय? माझ्याकडे एकाचेही उत्तर नव्हते. बँकेत दहा रुपयांचा फरक आला तर आम्ही संध्याकाळी उठत नाही, व्हाउचर न् व्हाउचर पाहतो. आणि इथे एका मुलीचे वर्ष गेले, तर नोंद म्हणून दाखवायला एक चिठोरा नाही! तक्रार खरी होती, पण वहीत नव्हती. वहीत नसलेल्या गोष्टीचे कोणत्याही कार्यालयात काय होते, ते मी काउंटरच्या दुसऱ्या बाजूने रोज पाहतो.

त्यानंतर जे शिकलो, ते येथे मांडतो.

हजेरी आणि रोजकीर्द

नेटवर्कवर देखरेख ठेवणे म्हणजे दोन साधी कामे. एक, ठराविक वेळाने प्रत्येक यंत्राची व सेवेची हजेरी घेणे. दुसरे, आलेले उत्तर वेळेसह लिहून ठेवणे. शाळेत गुरुजी नाव पुकारतात आणि मुलगा "हजर" म्हणतो, तसेच हे आहे. या हजेरीचे सर्वांत जुने आणि आजही वापरातले साधन म्हणजे 'पिंग'. अमेरिकेच्या सैन्याच्या एका प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये ते लिहिले. पाणबुडी शोधण्यासाठी पाण्यात ध्वनी सोडतात आणि त्याचा प्रतिध्वनी ऐकतात, त्यावरून हे नाव पडले. दूरच्या यंत्राकडे एक छोटा निरोप जातो, तो परत येतो, आणि जायला-यायला किती सहस्रांश सेकंद लागले ते पडद्यावर दिसते.

नोंद ठेवण्याच्या बाजूने एक उदाहरण मला फार आवडते. १९९४ मध्ये टोबियास ओटिकर हे जिथे काम करत, तिथे बाहेरच्या जगाशी जोडणारी फक्त ६४ किलोबिटची एकच लाईन होती. लाईन भरली आहे की मोकळी, हे सगळ्यांनाच जाणून घ्यायचे असे. म्हणून त्यांनी वाहतुकीचा आलेख सतत काढणारा एक छोटा प्रोग्राम लिहिला. तोच १९९५ मध्ये 'एमआरटीजी' या नावाने सर्वांसाठी खुला झाला आणि जगभर वापरला गेला. अपुरी लाईन आणि वाटेकरी अनेक, ही स्थिती आपल्या अभ्यासिकेहून फार वेगळी नव्हती.

आम्ही निवडला तो 'नागिओस'. ईथन गॅलस्टॅड यांनी १९९९ मध्ये तो 'नेटसेंट' या नावाने प्रसिद्ध केला. नावाच्या हक्काचा वाद निघाल्यामुळे २००२ मध्ये नाव बदलले. लॅटव्हियातील अलेक्सी व्लादिशेव यांचा 'झॅबिक्स' हाही उत्तम आहे, आलेखांच्या बाबतीत सरसच आहे. परंतु त्याला माहिती साठवण्यासाठी स्वतंत्र डेटाबेस लागतो. दोन जीबी मेमरीच्या जुन्या यंत्रावर आणि माझ्यासारख्या नवशिक्याच्या हाती नागिओस बरा. त्याची सर्व मांडणी साध्या मजकुराच्या फाईलींत असते. फाईल उघडली की काय लिहिले आहे ते वाचता येते, हा कारकुनाला मोठा दिलासा. आणि दोन्ही विनामूल्य आहेत, हे वर्गणीवर चालणाऱ्या संस्थेने विसरू नये.

बसवण्याची रीत

एका सभासदाच्या कार्यालयातून निघालेला जुना संगणक मिळाला. त्यावर डेबियन ही लिनक्सची आवृत्ती बसवली. पडद्यावर खिडक्या-चित्रे असलेला भाग मुद्दाम घातला नाही, त्यामुळे यंत्राचा भार हलका राहतो. आज्ञा इंग्रजी लहान अक्षरांत टंकायच्या असतात, मी येथे उच्चार देत आहे. प्रथम 'सुडो ॲप्ट अपडेट' म्हणजे भांडाराची यादी ताजी करणे. मग 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल नागिओस-फोर', यात शेवटचा चार हा आकडा नागिओसला जोडून लिहावा. एवढ्याने नागिओस, त्याचे पान दाखवणारा अपाची वेबसर्व्हर आणि तपासणी करणारे छोटे प्रोग्राम एकदमच येतात. या छोट्या प्रोग्रामांना प्लगइन म्हणतात. शेजारच्या संगणकावरून ब्राउझरमध्ये सर्व्हरचा पत्ता, तिरकी रेघ आणि नागिओस-फोर असे लिहिले की पान उघडते. पान पासवर्ड न विचारता उघडले, तर पहिले काम पासवर्ड घालण्याचे. "नंतर करू" म्हणू नये.

त्याआधी एक काम असते, आणि ते बहुतेक लोक विसरतात. सर्व्हरचे घड्याळ. 'टाइमडेटसीटीएल' ही आज्ञा दिली की यंत्र कोणत्या प्रदेशाची वेळ धरते आणि ती जुळवून घेत आहे की नाही, ते कळते. प्रदेश एशिया-कोलकाता असावा, आणि वेळ इंटरनेटवरील कालसर्व्हरशी आपोआप जुळत असावी. आमचे यंत्र पहिले चार दिवस साडेपाच तास मागे होते, कारण ते ग्रिनिचची वेळ दाखवत होते. रात्री आठचा बिघाड दुपारी अडीचला नोंदलेला! चुकीच्या तारखेचा चेक आणि चुकीच्या वेळेची नोंद यांची किंमत सारखीच.

आता मांडणी. 'एटीसी' या फोल्डरात नागिओस-फोरचे फोल्डर असते आणि त्यात 'कॉन्फ डॉट डी' नावाचा कप्पा. त्यात आपली फाईल करावी. मूळ फाईलींना हात लावू नये. प्रत्येक यंत्राची ओळख 'डिफाइन होस्ट' असे लिहून महिरपी कंसात द्यायची असते. त्यात त्याचे नाव, त्याचा पत्ता आणि त्याने कोणत्या साच्याचे नियम पाळावेत, एवढे येते. प्रत्येक सेवेसाठी 'डिफाइन सर्व्हिस' असाच वेगळा परिच्छेद. लिहून झाले की नागिओस लगेच पुन्हा सुरू करू नये. आधी 'नागिओस-फोर वजा व्ही' आणि मुख्य फाईलचा पत्ता अशी आज्ञा द्यावी. तो सर्व फाईली वाचून चुका किती, इशारे किती, ते सांगतो आणि चुकीच्या ओळीचा क्रमांकही देतो. माझी पहिली चूक कंस बंद न करण्याची होती, दुसरीही तीच होती.

काय विचारावे, किती वेळा विचारावे

आमच्या त्या रात्रीचा खरा दोष असा होता की आम्ही फक्त दिव्याला विचारले. दिवा सांगतो की तारेत वीज आहे. संकेतस्थळ उघडेल की नाही, हे तो सांगत नाही. म्हणून प्रश्न पायरीपायरीने विचारावे लागतात. पहिली पायरी, आपला राउटर उत्तर देतो काय. दुसरी, पुरवठादाराचे पहिले यंत्र उत्तर देते काय. तिसरी, बाहेरच्या जगातील एखादा पत्ता उत्तर देतो काय. यापुढे चौथी पायरी आहे, ती पुष्कळांना माहीत नसते. आपण ब्राउझरमध्ये नाव लिहितो, पण यंत्रांना लागतो तो आकडी पत्ता. नावावरून पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरला डीएनएस म्हणतात. तो बंद पडला तर रस्ता मोकळा असूनही टपाल जात नाही, कारण घराचा पत्ताच कोणी सांगत नाही. त्यासाठी 'चेक डीएनएस' हे प्लगइन आहे. आम्ही ते दोनदा लावले. एकदा पुरवठादाराच्या डीएनएसला विचारायचे, एकदा गुगलच्या ८.८.८.८ या सार्वजनिक डीएनएसला.

नागिओसची उत्तरे चारच : ठीक, सावध, गंभीर, अज्ञात. पानावर ती हिरवी, पिवळी, लाल आणि नारिंगी दिसतात. 'अज्ञात' म्हणजे तपासणीच नीट झाली नाही. त्याला ठीक समजू नये. सर्व्हरची डिस्क ८० टक्के भरली की पिवळा, ९० टक्के भरली की लाल, अशा मर्यादा आपणच ठरवायच्या असतात.

एकदा उत्तर आले नाही म्हणून बोंब मारायची नाही. आम्ही पाच मिनिटांनी एक तपासणी ठेवली. बिघाड दिसला तर एका मिनिटाने पुन्हा, आणि सलग तीनदा उत्तर नाही आले तरच तो पक्का बिघाड. पहिल्या दोन वेळांना नागिओस 'मऊ' स्थिती म्हणतो, तिसऱ्याला 'कठीण'. इशारा कठीण स्थितीलाच जातो. पण मऊ स्थितीही नोंदवहीत लिहिता येते, ती लिहू द्यावी. पुढे उपयोगी पडते.

यातील सर्वांत मोलाची ओळ मला 'पेरेंट्स' ही वाटली. होस्टच्या परिच्छेदात त्याच्या आधीचे यंत्र कोणते, ते लिहायचे. बाहेरच्या पत्त्याचा पालक पुरवठादाराचे यंत्र, त्याचा पालक आपला राउटर. मग राउटर पडला तर नागिओस राउटरला 'बंद' म्हणतो, आणि पलीकडच्यांना 'पोहोचता येत नाही' एवढेच म्हणतो. दोष कोणाच्या दारात आहे ते यावरून कळते. पहिल्या आठवड्यात मी ही ओळ घातली नव्हती. राउटरची पिन ढिली झाली की एकाच बिघाडाचे नऊ इशारे! चौथ्या दिवसापासून समितीतील कोणी ते वाचेनासे झाले, आणि पाचव्या दिवशीचा खरा इशाराही तसाच गेला. इशारे जितके जास्त तितकी देखरेख चांगली, हा समज चुकीचा आहे. असे इशारे नसलेलेच बरे.

एकवीस दिवसांची वही

नागिओसची नोंदवही नेहमीच्या मांडणीत दररोज मध्यरात्री बंद होऊन नवी उघडते, जुनी तारखेसह बाजूला जाते. आमच्या रोजकीर्दीसारखेच. एकवीस दिवसांच्या वह्या मी व दोन विद्यार्थ्यांनी रविवारी बसून पाहिल्या. बाहेरच्या पत्त्याचा पिंग एकदाही पडला नव्हता. सार्वजनिक डीएनएस कायम हिरवा. पुरवठादाराचा डीएनएस मात्र एकवीसपैकी तेरा संध्याकाळी, आठ ते दहाच्या दरम्यान, कधी दहा मिनिटे तर कधी पाऊण तास लाल होता. म्हणजे त्या रात्री लाईन खरोखरच चालू असावी! पुरवठादाराचा माणूस खोटे बोलत नव्हता, त्याने फक्त पहिल्या तीन पायऱ्या पाहिल्या. आणि आम्हाला चौथी पायरी माहीत असती, तर राउटरमध्ये दुसऱ्या डीएनएसचा पत्ता घालणे हे दोन मिनिटांचे काम होते. त्या मुलीचा अर्ज साडेआठला गेला असता.

दोन कागद छापून घेऊन पुन्हा त्या कार्यालयात गेलो. या वेळी कोणी "थांबा" म्हणाले नाही. चार दिवसांत त्यांच्या बाजूने दुरुस्ती झाली. राउटरमध्ये दुसरा पत्ता आम्हीही घालून ठेवला आहे.

इशारा कोणत्या वाटेने जाणार?

इथे एक गंमत आहे. इंटरनेट बंद पडल्याचा ई-मेल जाणार कसा? इंटरनेटवरूनच! पहारेकऱ्याला दरोडेखोरांनी बांधून ठेवले असता त्याने शिट्टी मारावी अशी अपेक्षा करण्यासारखे ते आहे. आम्ही स्वस्त उपाय केला. दाराजवळ एक जुना मॉनिटर ठेवून त्यावर नागिओसचे पान कायम उघडे ठेवले आहे. येणारा प्रत्येक जण बूट काढताना ते पाहतो. मोठ्या ठिकाणी उलट पद्धत वापरतात. देखरेख करणारे यंत्र बाहेरच्या दुसऱ्या यंत्राला ठराविक वेळाने "मी जिवंत आहे" असा निरोप पाठवते, आणि निरोप आला नाही की बाहेरचे यंत्र ओरडते.

१२ ऑक्टोबर २०२० ची सकाळ आठवत असेल. दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळीकडची वीज एकदम गेली, लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. अशा वेळी देखरेखीचे यंत्र आणि ज्यावर देखरेख ठेवायची ती यंत्रे एकाच विजेवर असतील, तर दोन्ही एकदमच मुकी होतात. नोंदवहीत तेवढी जागा कोरी राहते. सबब राउटर आणि सर्व्हर एका छोट्या यूपीएसवर घ्यावेत, म्हणजे निदान वीज गेल्याची वेळ तरी लिहिली जाते.

हिरव्या दिव्याच्या पलीकडे

आता माझ्या क्षेत्रातील एक उदाहरण. पुण्याची कॉसमॉस सहकारी बँक १९०६ पासूनची जुनी संस्था. ११ ऑगस्ट २०१८ रोजी, शनिवारी, तिच्या एटीएम व्यवस्थेत घुसलेल्या गुन्हेगारांनी बनावट कार्डांनी २८ देशांतून सुमारे ७८ कोटी रुपये काढले. भारतातूनही सुमारे अडीच कोटी काढले गेले. सोमवारी, १३ तारखेला, स्विफ्ट यंत्रणेतून १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले. एकूण ९४ कोटींहून अधिक. एटीएमकडून आलेली मागणी 'स्विच' नावाच्या सर्व्हरमार्फत बँकेच्या मुख्य खात्यांच्या यंत्रणेकडे जाते, आणि तिथून होकार आला की नोटा बाहेर येतात. बँकेच्या सांगण्यानुसार, गुन्हेगारांनी एक खोटा समांतर स्विच उभा केला होता आणि होकार तोच देत होता. मागण्या खऱ्या खात्यांपर्यंत पोहोचतच नव्हत्या. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणी ११ जणांना शिक्षा सुनावली.

"यंत्र चालू आहे काय?" एवढाच प्रश्न विचारणाऱ्या देखरेखीला अशा वेळी काय दिसले असते? सगळे हिरवे. कारण यंत्रे चालूच होती, आणि चोरालाही ती चालूच हवी होती. येथे उपयोगी पडतो तो जुना कारकुनी नियम, दोन वह्यांचा ताळमेळ. बाहेर किती होकार गेले आणि आत किती मागण्या नोंदल्या गेल्या, हे दोन आकडे दर काही मिनिटांनी ताडून फरक येताच लाल करणारी तपासणी नागिओसमध्येही लिहिता येते. प्लगइन म्हणजे शेवटी काय, तर शून्य, एक, दोन किंवा तीन यांपैकी एक आकडा परत देणारा प्रोग्राम. शून्य म्हणजे ठीक, दोन म्हणजे गंभीर. काय ताडायचे ते आपण ठरवायचे. ज्या विद्यार्थ्याला थोडे प्रोग्रामिंग येते, त्याने हा प्रयोग जरूर करावा. आपल्या ग्रंथालयातून दिलेली पुस्तके आणि रजिस्टरमधील नोंदी ताडण्यापासून सुरुवात करता येईल.

एका शंकेचे उत्तर देणे आवश्यक आहे. मॉनिटर बसवल्यावर काही मुलांनी मला बाजूला घेऊन विचारले, "काका, आम्ही काय पाहतो ते यात दिसते का?" प्रश्न रास्त आहे. उत्तर, नाही. नागिओस यंत्राला विचारतो, माणसाला नाही. कोणी काय उघडले हे टिपणारी साधने वेगळी असतात, ती आपण बसवलेली नाहीत. ती बसवायची झाली तर आधी सर्वसाधारण सभेत विषय घ्यावा लागेल, असे फलकावर लिहून लावले आहे. तसेच दुसऱ्याच्या नेटवर्कमध्ये परवानगीशिवाय डोकावू नये. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० नुसार ते अंगाशी येऊ शकते. उत्साही मुलांना हे एकदा सांगून पुरत नाही.

आपल्या शिरवण्यापासून महापे, रबाळे, ऐरोलीपर्यंत पसरलेल्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात पूर्वी रसायनांचे आणि यंत्रांचे कारखाने होते, अजूनही आहेत. त्यांच्या शेजारी आता डेटा सेंटरच्या इमारती उभ्या राहिल्या आहेत. त्यांच्या आत भिंतीभर पडदे लावून तीन पाळ्यांत माणसे जे पाहत बसतात, ते आपल्या दाराजवळच्या मॉनिटरवर दिसते त्याचेच मोठे रूप. त्यातील नवशिक्याचे पहिले काम बहुधा हेच, लाल झाले की पाहणे, वेळ लिहिणे, कोणत्या पायरीवर अडले ते वरिष्ठाला सांगणे.

अभ्यासिकेत दर रविवारी सकाळी दहा वाजता सर्व्हरच्या टेबलाशी आम्ही तिघे-चौघे असतो. मागील आठवड्याची वही वाचणे, डिस्क पाहणे आणि एखादी तपासणी मुद्दाम पाडून ती लाल होते काय हे पाहणे, एवढाच कार्यक्रम असतो. ज्या विद्यार्थिनीची गोष्ट वर सांगितली, तिने पुढच्या वर्षी अर्ज पहिल्याच आठवड्यात भरला. रविवारची वही आता तीच लिहिते. फक्त राउटरची पिन अजून ढिलीच आहे, नवीन घेण्याचा ठराव मागील बैठकीत मंजूर झाला आहे.